दुखऱ्या मांड्यांची लेझीम

यंदा फाल्गुनात एका सकाळी आमच्या गावच्या डेअरीत दूध कमी आलं. थोडंथोडकं नाही, डेअरीवाल्यानं कॅन तिरका करून आत बघावं इतकं कमी. गायी आटल्या नव्हत्या, चारा भरपूर होता, कुणाच्या घरी लग्नही नव्हतं. कारण एवढंच होतं की गावातल्या बऱ्याच बायकांना गाईखाली बसता येत नव्हतं, आणि ज्या कशाबशा बसल्या त्यांना उठता येत नव्हतं. बाप्ये धारा काढायला गेले तर गायींनी त्यांना लाथा घातल्या. आणि ह्या सगळ्या प्रकाराच्या मुळाशी होती आमची कारभारीण.

जया तिचं नाव. मी बिभीषण, तिचा नवरा. नगरजवळ नागापूरला एका कंपनीत फर्स्ट शिफ्टला जातो आणि दुपारी गाडीवर घरी येतो. घराच्या ओसरीला लागून पिठाची गिरणी आहे, ती जया चालवते. गव्हाचा डबा खांद्यावर घेऊन दोन पायऱ्या चढायच्या आणि गिरणीच्या तोंडात ओतायचा, हे दिवसभर चालू. बाजरीचं पोतं ती एकटी सरकवते. पट्ट्याच्या आवाजात बोलून बोलून तिचा आवाजही चांगला खणखणीत झालाय. गावातले बाप्ये तिला जरा दबकून असतात, आणि मीही गावातलाच आहे.

तिचं माहेर नेवाशाकडचं. सासरे आसाराम वस्ताद त्या भागात लेझमीचे नावाजलेले. त्यांच्या हाताखाली पोरं तयार व्हायची आणि त्या पोरांच्या रांगेत शेवटी परकर खोचून ही उभी राहायची. वस्तादांनी तिला कधी बोलावलं नाही आणि कधी हाकललंही नाही. लग्न ठरेपर्यंत ती खेळत होती. आमच्या वरातीत लेझीम होती. सगळे नवरदेवाकडं बघत असतील म्हणून मी ताठ बसलो होतो, तर शेजारी नवरीचे खांदे शालूखाली ठेक्यावर हलत होते. माझ्या आईनं ते पाहिलं आणि तिला हळूच कोपरानं ढोसलं. तेव्हापासून जयाचे खांदे जे थांबले ते थांबलेच. आमच्या गावात लेझीम बाप्यांची होती. पुढं बाप्यांनीही ती सोडून दिली. देवळाच्या खोलीत लेझमी गंजत पडल्या आणि भैरवनाथाच्या पालखीपुढं डीजे आला.

गेल्या यात्रेत त्या डीजेनं कहर केला. भिंती हादरल्या, म्हातारी माणसं कानात कापूस घालून बसली, दोन बैल दावं तोडून पळाले. म्हणून यंदा देवळात बैठक बसली. यात्रा कमिटीचे अध्यक्ष वाल्मिकअण्णा. माणूस वाईट नाही, फक्त आपण बोललो की विषय संपला असं त्यांना वाटतं.

"डीजे नको म्हणता, मग पालखीपुढं वाजवायचं काय? ताटल्या?" अण्णा म्हणाले.

बायकांच्या बाजूनं आवाज आला, "लेझमी हायेत की देवळात."

"खेळणारं कोन हाय?"

"आमी खेळतो," जया म्हणाली आणि उभी राहिली.

बाप्यांमध्ये हसं पिकलं. मी चपला शोधायला लागलो. पण अण्णा हसले नाहीत. त्यांनी थोडा विचार करून अट घातली. यात्रेच्या आधीच्या रविवारी देवळापासून वेशीपर्यंत खेळून दाखवायचं, मधे खंड पडता कामा नये. जमलं तर पालखीपुढं बायका. नाही जमलं तर डीजे, आणि मग हा विषय पुन्हा काढायचा नाही.

घरी दाराशी आल्यावर जया म्हणाली, "एकदा हुकलं तर कायमचं हुकलं, कळलं का?" मला कळलं होतं. तिच्यापुरता प्रश्न नव्हता. ह्या वेळी बायका पडल्या असत्या तर पुढं कुणाच्याही पोरीनं लेझमीला हात लावला की तिला हाच रविवार ऐकवला गेला असता.

लेझमी घासूनपुसून झाल्या. बायकाही पुष्कळ आल्या. शाळेत असताना पंधरा ऑगस्टला सगळ्याच खेळलेल्या, त्यामुळं प्रत्येकीला वाटत होतं आपल्याला येतंय. सरकारी आरोग्याचं काम बघणारी आशाताई सुकन्या आली, तिची मैत्रीण रुपाली आली, सुना आल्या, आणि अंगानं जाड असूनही सगळ्यांच्या पुढं दगडाबाई आली. हलगीला कानिफनाथमामा. वय झालंय, पण अख्ख्या पंचक्रोशीत त्यांच्या हाताला तोड नाही.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पुढचा घोटाळा समजेल. आमच्याकडं लेझमीचा एक रिवाज आहे. हलगी वाजत असताना खेळणाऱ्यानं लेझीम खाली ठेवायची नाही, तो हलगीचा अपमान. आणि लेझीम हलत असताना हलगीवाल्यानं हात थांबवायचा नाही, तो खेळणाऱ्यांचा अपमान. पहिल्या संध्याकाळी शाळेच्या मैदानावर दोन्ही बाजूंनी हा रिवाज अगदी मनापासून पाळला. चार आवाज, आगे पाव असे लेझमीचे सगळे प्रकार झाले, बैठका झाल्या. प्रत्येक बैठकीला मांड्या जमिनीला टेकायला यायच्या आणि पुन्हा उसळी मारून उभं राहायचं. जया दमली होती, पण मामा वाजवतायत तर थांबायचं कसं? मामा घामानं निथळत होते, पण पोरी खेळतायत तर थांबायचं कसं? शेवटी गार वाऱ्यानं हलगीचं कातडं सैल पडलं, आवाज भदभद यायला लागला, आणि ती पुन्हा शेकायला जाळ केलेला नव्हता, म्हणून ते सगळं थांबलं. नाहीतर त्या रात्री गावानं मैदानावरूनच बायका उचलून आणल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सगळ्या खुशीत होत्या. जरा अंग कसकसतंय, एवढंच. जया डबे उचलताना गुणगुणत होती. खरी मजा तिसऱ्या सकाळी झाली. मांड्या, पोटऱ्या, दंड, पाठ, जिथं जिथं म्हणून मांस आहे तिथं तिथं अंग आंबलं. डेअरीतलं दूध घटलं ते त्याच सकाळचं. सकाळी परसाकडं गेलेल्यांचं काय झालं ते मी लिहीत नाही, पण भिंतीपलीकडून 'आई गं' गल्लीभर ऐकू येत होतं. पारावरच्या बाप्यांना तर दिवाळी आल्यासारखं झालं. बायका भिंत धरून चालल्या की तिथं कुणीतरी तोंडानं हलगी वाजवायचा.

मी दुपारी आलो तेव्हा जया गिरणीच्या पायऱ्या उलट्या तोंडानं उतरत होती.

"हे काय नवीन?" मी विचारलं.

"असंच. पाठमोरं उतरलं की बरं असतंय."

"आन डबा?"

"गिऱ्हाईक आपला आपला वततंय. त्येंनाबी सवय पायजे."

मी गोळी देऊ केली, तर तिनं माझ्याकडं असं पाहिलं की ती मीच गिळावी की काय असं मला वाटलं. दिवसभर उभी राहणारी, पोती ओढणारी बाई. तिला सगळ्यात जास्त राग ह्याचा होता की कामानं इतकी वर्षं न दुखलेलं अंग खेळानं कसं दुखलं. आम्हा गावाकडच्या माणसांना हा भ्रम असतोच. राबणाऱ्याला व्यायाम कशाला, असं आपण सहज म्हणून जातो. पण डबा उचलणारा खांदा वेगळा आणि बैठक मारणारी मांडी वेगळी. पंचवीस वर्षं जी बैठक मारली नव्हती ती जयानं एका संध्याकाळी सगळी मारून घेतली होती.

त्याच दिवशी गिरणीवर रुपालीच्या सासूबाई आल्या, केशरबाई. दळण खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "जया, आमची रुपाली यायची न्हाई बाई. गुडघा टमाट्यावानी झालाय. घरचं कोन बगायचं?" त्यांच्यामागं आणखी दोघीतिघींचे निरोप आले. संध्याकाळी मैदानावर जया आणि सुकन्या, दोघीच होत्या. मामा हलगी घेऊन आले, बसले, आणि न वाजवता परत गेले.

घरी आल्यावर ती ओसरीवर बसली. बसली म्हणजे आधी खांब धरला, मग डोळे मिटले आणि मग अंग सोडून दिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मांड्यांचं नव्हतं. मी म्हटलं, वस्तादांना फोन लाव. वडलांना ती दादा म्हणते. म्हणाली, दादा काय म्हणतील, पोरीला एवढंही येऊ नये. मग मीच लावला आणि फोन तिच्या हातात दिला.

सासरे आता ऐंशीच्या घरात आहेत. कानानं कमी ऐकू येतं म्हणून फोनवर ओरडतात, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं.

"पयल्या दिशी किती खेळवलं?"

"हलगी उतरस्तोवर."

पलीकडं म्हातारा असा हसला की त्याला खोकला लागला.

"आन हलगी थांबवली कोनी न्हाई?"

"थांबवायची कशी दादा? तुमीच सांगितलंय, हलगी चालू असताना लेझीम खाली ठेवायची न्हाई."

"अगं येडे, ते खेळणाऱ्याला! वस्तादानं हात वर करायचा असतोय. वस्तादाचा हात वर झाला की हलगीबी थांबती आन लेझीमबी, कुनाचाच अपमान न्हाई. तू वस्ताद हायेस ना आता?"

जयानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आन पावसाळ्यानंतर पोरं पुन्यांदा आली की मी काय करायचो? रिकाम्या हातानं चालवायचो आठवडाभर. आठव."

तिला आठवलं. ती रांगेत शेवटी होती, तिला वाटायचं लहान पोरांसाठी म्हणून दादा रिकाम्या हातानं चालवतात. वस्तादाचे हात तिनं बघितले होते, पण वस्ताद काय बघतो ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "मी आजवर नुसती खेळणारीच हुते." आणि खांब धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं जे केलं ते माझ्यानं झालं नसतं. गिरणी बंद ठेवून ती भर सकाळी गावातून निघाली, लंगडत, पारासमोरून. नेहमी दुखणं लपवणारी ही बाई त्या दिवशी एकही पाऊल लपवत नव्हती. पारावर कुणीतरी तोंडानं हलगी वाजवली. जया थांबली आणि म्हणाली, "ठेका चुकतोय. संध्याकाळी मैदानावर ये, मामा शिकवतील." आणि तशीच लंगडत पुढं निघाली.

प्रत्येक घरात ती गेली. केशरबाईंच्या ओसरीवर "आई आई गं" करत बसली आणि म्हणाली, "काकू, मलाबी तितकंच दुखतंय. चूक पोरींची न्हाई, माझी हाय. मी थांबवायला पायजे हुतं." सुकन्या सोबत होतीच. तिनं सगळ्यांना समजावलं की दोन्ही मांड्या सारख्या दुखत असतील तर भ्यायचं नाही, ते चार-पाच दिवसांत आपोआप जातं. नुसतं पडून राहिलात तर आणखी आखडाल, हळूहळू चाला, पाणी प्या. पण सांधा सुजला, एकाच जागी कळ निघाली किंवा लघवी काळपट झाली, तर लेझीम सोडून दवाखाना गाठायचा. रुपालीला तिनं त्याच दिवशी केडगावला डॉक्टरकडं पाठवलं. गुडघा मुरगळला होता, खेळायचं नाही असं ठरलं. रुपाली रडली. जयानं तिला सांगितलं, झेंडा तू धरायचास, गुडघ्याला पट्टा बांधून, सगळ्यांच्या पुढं.

सगळ्यात अवघड घर कानिफनाथमामांचं. वयानं, मानानं मोठा माणूस, आणि त्याला सांगायचं की मी म्हणेन तेव्हा थांबा. जयानं आधी हलगीला हात लावून कपाळाला लावला.

"मामा, मी हात वर केला की थांबायचं."

मामांचा चेहरा पडला. "माझी हलगी आजवर कुनी थांबवली न्हाई, जया."

"व्हय मामा. पर माझ्या बायका अजून कच्च्या हायेत. त्या पक्क्या हुस्तोवर माझं ऐका."

मामा इकडंतिकडं पाहून बारीक आवाजात म्हणाले, "कुनाला सांगू नको. माझाबी खांदा तीन दिस वर हुईना. सदरा लेकानं घालून दिला." आणि दोघंही असे हसले की मामी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, काय झालं म्हणून.

मग खरी तालीम सुरू झाली. पहिले काही दिवस नुसतं रिकाम्या हातानं पावलं टाकायची, तीही थोडाच वेळ. जया हात वर करायची आणि सगळं थांबायचं. बायका कुरकुरायच्या, अजून थोडं घेऊ की, आता तर अंग गरम झालंय. जया म्हणायची, "गरम झालंय म्हनूनच थांबायचं." लेझमी नंतर आल्या, बैठका त्याहून नंतर. दुखणं रोज थोडं थोडं मागं सरकलं. एक दिवस दगडाबाई गाईखाली बसून गाणं म्हणत धार काढताना दिसली, तेव्हा मी ओळखलं की आता जमतंय.

परीक्षेचा रविवार आला. कमिटी देवळासमोर खुर्च्या टाकून बसली होती आणि खेळाबरोबर चालत वेशीपर्यंत जाणार होती. मी बघ्यांच्या गर्दीतून मागं मागं चाललो. रुपाली झेंडा घेऊन पुढं, मागं दोन रांगा, मधे जया, कंबरेला पदर खोचलेला. हलगी कडाडली आणि जयाचे खांदे हलायला लागले. तिच्या खांद्यांचा तो ठेका मी वरातीत शालूखाली पाहिला होता. आज तो उघड्या रस्त्यावर, सगळ्या गावासमोर होता.

शाळेजवळ चढ आहे. तिथं पोचेस्तोवर सगळं झकास चाललं. चढाला लागल्यावर दगडाबाईचे पाय थरथरायला लागले. तिनं दात आवळले, पण बैठकीतून उठताना ती एकदा हातावर टेकली. मागच्या दोघीही पांढऱ्याफटक पडल्या होत्या. खंड पडता कामा नये, ही अट सगळ्यांना माहीत होती. अण्णा बाजूला चालत होते. मी मनात म्हणालो, ओढ जया, थोडंच राहिलंय.

जयानं हात वर केला.

हलगी थांबली. लेझमी थांबल्या. एवढ्या आवाजानंतरची ती शांतता मला सहन होईना. "लेझीम खांद्यावर," जया म्हणाली. सगळ्याजणी लेझमी खांद्याला लावून, हलगीशिवाय, नुसत्या पावलांच्या ठेक्यावर चढ चढून गेल्या. एकही पाऊल चुकलं नाही. वर सपाटीला आल्यावर तिनं हात खाली घेतला, मामांची टिपरी हलगीवर पडली, आणि वेशीपर्यंत बायका अशा खेळल्या की रस्त्यावरची म्हातारी माणसं उठून उभी राहिली.

वेशीत अण्णांनी कपाळावरचा घाम पुसला. "खेळ चांगला झाला. पर चढाला थांबला तुमी. अट खंड न पडायची हुती."

"थांबलो न्हाई अण्णा, मी थांबवलं," जया म्हणाली. तिचा श्वास फुलला होता, पण आवाज गिरणीवरचाच होता. "माझी बाई पडली असती तर खेळ मोडला असता. कवा थांबवायचं ते वस्ताद ठरवतोय. पालखीच्या दिशीबी मी चढाला थांबवणार. चालत असंल तर सांगा, न्हाईतर तुमचा डीजे बोलवा."

मामा हलगी पुसत होते, तिथूनच म्हणाले, "अण्णा, तुमी चढाला ट्रॅक्टरचा गिअर बदलता का न्हाई? का तसंच रेटता?"

अण्णांनी खिशातून मोबाईल काढला आणि सगळ्यांसमोर डीजेवाल्याला सांगितलं, की यंदा येऊ नको.

पालखीच्या दिवशी बायका फेटे बांधून खेळल्या. चढाला जयानं हात वर केला, तेव्हा पालखीचे भोईसुद्धा थांबले. त्याचं वर्णन मी करत बसत नाही, गावात ज्याला त्याला विचारा, प्रत्येकजण रंगवून सांगेल.

सांगायचं ते त्याच्या नंतरचं. पालखी देवळात बसली की वस्तादाला मानाचा नारळ आणि फेटा देतात. मान घराच्या नावानं पुकारतात आणि घराच्या नावात बाई नसते. त्यामुळं पुकारणाऱ्यानं सवयीनं माझं नाव घेतलं. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. शेजारच्यानं मला उठवायला हात धरला. जयानंही माझ्याकडं पाहिलं, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हे मला दिसलं. तीही ह्याच गावात इतकी वर्षं राहिलेली.

मी मांडी घालून बसलो होतो तो तसाच बसून राहिलो. पुन्हा माझं नाव पुकारलं. मी बसूनच, जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणालो, "मला लेझीम येत न्हाई. वस्ताद तिकडं उभी हाय, तिचं नाव घ्या."

अण्णांनी स्वतः माईक हातात घेतला आणि म्हणाले, "जया वस्ताद, पुढं या."

ती गेली. नारळ तिनं दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. आणि मी, अंगात काही दुखत नसताना, डोळे पुसत बसलो होतो.